अधांतरी चाक

मोटारसायकलला उभे राहण्यासाठी दोन प्रकारचे आधार दिलेले असतात: डाव्या अंगाचा एकपायी साइड स्टँड, ज्यावर गाडी कलती राहते, आणि इंजिनाच्या मागे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बिजागरीसारखा जोडलेला दोन पायांचा सेंटर स्टँड, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास ‘डबल स्टँड’ म्हटले जाते आणि जो गाडी सरळ उभी करून तिचे मागचे चाक जमिनीपासून बोटभर उचलून धरतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर त्याच्या गरजेची चर्चा कोणी करत नाही. हिरो स्प्लेंडर प्लसचे वजन ११२ किलो आहे, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे १९५ किलो. या दुसऱ्या वर्गात आल्यावर मात्र स्टँड चढवणे हेच एक काम होऊन बसते, आणि काही किलोंचे हे लोखंड बाळगावे की नाही, असा प्रश्न रास्तपणे विचारला जातो.

स्टँडचे मोल गाडी चालवताना कळत नाही, गाडी उभी असताना कळते, आणि त्यातही सर्वाधिक चेनच्या देखभालीत. मध्यम आकाराच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती चेनने मागच्या चाकाकडे जाते, आणि ती चेन साधारण दर ५०० किलोमीटरला पुसून तिला तेल द्यावे लागते, पावसाळ्यात तर त्याहूनही लवकर. चेनला शंभराच्या आसपास कड्या असतात आणि मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे दातेरी चक्राला, चाळिसाच्या आसपास दाते. म्हणजे चेनचा एक फेरा पुरा होण्यासाठी चाक अडीच वेळा फिरावे लागते. चाकाचा घेर २ मीटरच्या जवळपास असल्यामुळे, गाडी साइड स्टँडवर असेल तर ती टप्प्याटप्प्याने ५ मीटर ढकलत न्यावी लागते: चार-सहा इंच चेन पुसायची, उठायचे, स्टँड काढायचा, गाडी पुढे घ्यायची, पुन्हा बसायचे. इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये एवढी जागा मिळतच नाही. डबल स्टँडवर हेच काम एका जागी बसून, एका हाताने चाक फिरवत आणि दुसऱ्या हाताने फडके धरून, पाच-दहा मिनिटांत उरकते. ज्या कामाला कष्ट कमी ते काम वेळेवर होते, आणि चेन सेटचे आयुष्य या वेळेवरच अवलंबून असते.

अधांतरी फिरणारे चाक आणखीही बरेच सांगते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक सावकाश फिरवत खालच्या बाजूने बोटाने चेन वर दाबत गेले, तर एखाद्या ठिकाणी ती अचानक ताठ लागते, आणि ती बदलण्याची वेळ जवळ आल्याचे तेथेच समजते. चाक वर-खाली धरून हलवले आणि किंचित खळखळ जाणवली, तर बेअरिंग तपासावे लागते. तारांच्या रिममध्ये पान्याने एकेक तार वाजवत गेले, तर सैल तार भद्द आवाजाने ओळखू येते. एक सावधगिरी मात्र हवी. चाक लोंबकळत असताना मागचा चिमटा, म्हणजेच शॉक ॲब्सॉर्बरवर वर-खाली होणारा स्विंगआर्म, खाली गेलेला असतो, त्यामुळे चेनचा ढिलेपणा गाडी चाकांवर उभी असताना भरतो त्याहून वेगळा भरतो. म्हणून तो कोणत्या स्थितीत मोजायचा हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. आणि इंजिन सुरू करून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडके लावणे कोणीही, कधीही करू नये. त्यात बोटे जातात.

स्टँडची उणी बाजूही खरी आहे. गाडीच्या पोटाखाली सर्वांत खाली लोंबणारा भाग अनेकदा हाच असतो, त्यामुळे उंच गतिरोधकावर किंवा घाटातल्या वळणावर गाडी फार झुकवली तर तोच आधी घासतो. काही गाड्यांत त्याला जागाच नसते: चाकणच्या कारखान्यातून २०१२ पासून बाहेर पडलेल्या ड्यूक २०० चा सायलेन्सर पोटाखाली बसवलेला होता, आणि तिला डबल स्टँड नव्हता. अशा गाडीच्या मालकाने घरी पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचे चाक उचलून धरणारी सुटी चौकट, ठेवली की भागते.

वजनाची भीती मात्र बरीचशी चुकीच्या पद्धतीतून आलेली आहे. गाडी हातांनी वर ओढायची नसते. डाव्या हाताने हँडल सरळ धरावे, उजवा हात मागच्या कठड्यावर ठेवावा, उजव्या पायाने स्टँड दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकल्याची खात्री करावी, आणि मग शरीराचा सगळा भार त्या पायावर टाकत गुडघा सरळ करावा. स्टँड तरफेसारखा वळतो आणि गाडी आपणहून मागे-वर सरकते. तरीही जड गेले, तर मागचे चाक आधी बोटभर जाडीच्या फळीवर घ्यावे, उचलण्याची उंची तेवढी कमी होते. बिजागरीला ग्रीस आणि स्प्रिंगकडे लक्ष हवेच, कारण तुटलेल्या स्प्रिंगचा स्टँड धावत्या गाडीखाली रस्त्याला टेकू शकतो.

निर्णय शेवटी टायरवर येतो. ट्यूबलेस टायरचे पंक्चर चाक न काढता निघते, पण तारांची रिम आणि आत ट्यूब असेल, तर मागचे चाक उतरवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि आंबोलीच्या घाटात भर पावसात ते उतरवताना गाडीखाली दगड रचणे हा धोका आहे. ट्यूबच्या गाडीला डबल स्टँड असलाच पाहिजे. ट्यूबलेसच्या गाडीला तो चेनसाठी असावा. गाडी घेणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी शोरूमच्या दारातच ती एकदा स्वतः डबल स्टँडवर चढवून पाहावी.