मातान्साचा ठेका

क्युबाची राजधानी हवाना. तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रकाठी मातान्सास हे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या साखरेवर मळेवाले गबर झाले. ऊस तोडणारे हात मात्र आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांचे होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हाही क्युबात ही प्रथा चालूच होती. ती १८८६ साली संपली.

या माणसांचे गाव सुटले, नावे बदलली गेली. ताल मात्र हातांत राहिला. पुढे गोदीवर राबणाऱ्यांच्या वस्त्यांत ढोल नसला तर मालाची लाकडी खोकी वाजवीत. त्यातूनच रुंबा घडला.

रुंबा एकट्याने वाजत नाही. शिकणाऱ्याला आधी ‘क्लावे’ पक्का करावा लागतो. दोन लाकडी दांडक्यांचे पाच ठोके, आधी तीन, मग दोन. गाणे संपेपर्यंत ते बदलत नाहीत. त्यावर खर्जाचा ढोल बसतो. मधला ढोल त्याच्या रिकाम्या जागा भरतो. सर्वांत उंच आवाजाचा ‘किंतो’ नाचणाऱ्याशी जणू बोलतो. टाळ्या किंतोला मिळतात, पण खालचे दोघे डळमळले की त्याचे काही चालत नाही.

ढोल हा पुरुषांचाच, अशी तिथेही जुनी रूढी. देवकार्याच्या ‘बाता’ ढोलांना तर बाईचा हात चालत नसे. १९९३ साली हवानात ‘ओबिनी बाता’ हा बायकांचा गट उभा राहिला आणि त्यांनी बाता वाजवून दाखवला.

मातान्सासच्या कष्टकरी तरुणांनी १९५२ साली काढलेला ‘लोस मुन्येकितोस’ हा रुंबागट पुढे देशोदेशी गाजला. २०१६ साली युनेस्कोने रुंबाला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. एके काळी हलक्या लोकांचा गोंगाट म्हणून ज्याला नाक मुरडले, तोच आज देशाचा मान आहे.

वाचकहो, घरी मुलाबाळांसह हा ठेका धरून पाहा. एकाने सावकाश एक ते सोळा मोजावे. इतरांनी १, ४, ८, ११ आणि १३ वर टाळी द्यावी. जमले की एकाने १, ५, ९ आणि १३ वर पाय आपटावा. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय आपली टाळी जागेवर पडत नाही, हे लहानग्यांनाही लगेच कळेल.