‘बाई, पिल्लू पडलंय!’



उन्हं तापू लागली, की आमच्या शाळेत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘बाई, पिल्लू पडलंय!’ मग वह्या-पुस्तकं जागच्या जागी राहतात आणि सगळी वानरसेना पटांगणात धावते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मात्र पिल्लूच वर्गात आलं. सकाळची शाळा होती. चौथीतला एक मुलगा ओंजळ सांभाळत दारात उभा राहिला. ओंजळीत बुलबुलाचं पिल्लू! अंगभर तपकिरी पिसं, शेपटी मात्र बोटाच्या पेराएवढी. इवलीशी छाती नुसती धडधडत होती. सगळ्यांनाच कळवळा आला. एकजण डब्यातली पोळी कुस्करू लागला. एकीने बाटलीच्या झाकणात पाणी आणलं. तो मुलगा तर म्हणाला, ‘बाई, मी ह्याला घरी नेतो. रोज दूध पाजीन.’

तुम्हीही हेच म्हणाला असता, नाही का? त्याच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणणं जड जात होतं. मी विचारलं, ‘सापडलं कुठं?’

‘जास्वंदीखाली.’

‘चल, आधी तिथं जाऊ.’

जास्वंदीजवळ गेलो, तर काळ्या तुऱ्याचे दोन बुलबुल या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत कलकलाट करत होते. मी म्हटलं, ‘बघा, याचे आई-बाबा इथंच आहेत. ते यालाच शोधताहेत.’

पोरं गप्प झाली. मग त्यांना समजावून सांगितलं. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात. तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. काही दिवस ती झुडपांत, जमिनीवर टुणटुण उड्या मारतात आणि आई-बाबा त्यांना तिथंच भरवतात. म्हणजे हे पिल्लू पडलेलं नव्हतंच. ते उडायला शिकत होतं!

आम्ही त्याला जास्वंदीच्या आतल्या फांदीवर ठेवलं आणि व्हरांड्यात येऊन बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोठे बुलबुल जवळ येईनात. त्या मुलाचे डोळे भरून आले. ‘बाई, त्यांना नकोच आहे ते!’

‘आपण इतके जण बघतोय ना, म्हणून ते घाबरलेत,’ मी म्हटलं. सगळे वर्गात गेलो आणि खिडकीच्या फटीतून पाहू लागलो. थोड्याच वेळात एक बुलबुल चोचीत हिरवी अळी घेऊन आला. पिल्लानं भलामोठा ‘आ’ केला. वर्गात अशा टाळ्या पडल्या, की शेजारच्या वर्गातले गुरुजी काय झालं म्हणून बघायला आले.

खिचडीच्या वासाला येणारं मांजर शाळा सुटेपर्यंत मुलांनी पाळीपाळीनं दूर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मात्र जास्वंद रिकामी होती. ‘मांजरानं खाल्लं असेल का, बाई?’ त्या मुलानं विचारलं. ‘तसंही असेल, किंवा उडूनही गेलं असेल,’ मी खरं तेच सांगितलं. तीन दिवसांनी शेवग्यावर एक आखूड शेपटीचं पिल्लू पंख फडफडवत खाऊ मागताना दिसलं. ते हेच का? कुणालाच सांगता येईना. तो मुलगा म्हणाला, ‘आपल्याला नाही ओळखू आलं तरी चालेल. त्याच्या आईला येतंय ना!’

आता तुम्हाला पिल्लू दिसलं तर काय कराल? अंगावर पिसं नसतील, डोळे मिटलेले असतील, तर ते खरंच घरट्यातून पडलेलं असतं. घरटं सापडलं तर मोठ्या माणसांच्या मदतीनं त्याला हळूच परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा गैरसमज आहे. घरटंच मोडलं असेल, तर लहान टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच फांदीजवळ बांधा. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल, तर त्याला झुडपात ठेवा आणि दूर व्हा.

चोचीत पाणी मुळीच ओतू नका. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. गाईचं दूध पक्ष्यांना पचत नाही. पिल्लू जखमी असेल, तर त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवा आणि वनविभागाला किंवा जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. हात साबणानं धुवायला विसरू नका.

आणि पालकहो, एक विनंती. मूल पिल्लू घेऊन आलं, तर ‘टाक ते घाण!’ असं म्हणू नका. ‘पाळ हो, राहू दे’ असंही म्हणू नका. रानपाखरं पकडणं आणि पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यापेक्षा चपला पायात घाला आणि मुलाबरोबर त्या झाडापर्यंत जा. जवळ घेणं मुलांना आपसूक येतं. दूर उभं राहून माया कशी करायची, हे मात्र कुणीतरी सोबत उभं राहून शिकवावं लागतं.