कृपेचे मार्क

बालमित्रांनो, निकालाच्या दिवशी ‘ग्रेस मार्क’ हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. गणितात दोन-तीन मार्क कमी पडले, की नियमात बसतील तेवढे मार्क वरून मिळतात आणि मुलगा पुढच्या वर्गात जातो. मग मित्र चिडवतात, ‘‘ग्रेसवर पास झाला रे!’’ आणि तो बिचारा प्रगतिपुस्तक दप्तरात खाली, अगदी तळाशी सरकवतो. असा हा शब्द. मान खाली घालून ऐकायचा.

आमच्या घरात मात्र तोच शब्द मान वर करून बोलला जायचा. आमचे घर ख्रिस्ती. इंग्रजी बायबलात जिथे ‘ग्रेस’ आहे, तिथे मराठी बायबलात ‘कृपा’ आहे. रात्री जेवणाआधी आजी प्रार्थना करी, त्यात ‘तुझ्या कृपेने’ हे दोन शब्द आले नाहीत असे कधी झाले नाही. लहानपणी मला वाटे, आजी बहुधा सारखी काठावर पास होत असावी!

कृपा म्हणजे नेमके काय, आणि मनात शंका आली म्हणजे त्या कृपेचे काय होते, हे मला आठवीत असताना कळायला लागले. तेच आज तुम्हाला सांगणार आहे. तुम्ही ख्रिस्ती असा, नसा. देवाला काही मागितले आणि मिळाले नाही, असा दिवस प्रत्येक घरात येतोच.

आमचे गाव शेंदूरजनाघाट. अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पलीकडे मध्य प्रदेश. गाव संत्र्याचे, आणि त्याहून जास्त संत्र्याच्या कलमांचे. इथल्या रोपवाटिकांतून कलमा दूरदूर जातात. माझे बाबा अशाच एका रोपवाटिकेत डोळे बांधायच्या कामावर होते. मजुरी शेकड्यावर. जेवढ्या कलमा बांधाल, तेवढे पैसे.

गावात ख्रिस्ती घरे थोडीच. रविवारी आमच्या समोरच्या खोलीत सतरंजी अंथरून उपासना व्हायची. महिन्यातून एकदा पाळकसाहेब एस. टी.ने येत. नाताळात आई करंज्या करून गल्लीभर वाटे आणि दिवाळीत तीच ताटे भरून परत येत.

मला एक धाकटी बहीण. घरात सगळे तिला ‘बाई’ म्हणत. ती सहा वर्षांची असताना तिचे हातपाय दुखू लागले. साधे दुखणे नव्हे. रात्र-रात्र ती ओरडायची. डोळे पिवळे दिसायचे, ताप यायचा, चार दिवसांनी जरा बरे वाटायचे, की पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आम्ही सगळे मिळून रोज प्रार्थना करायचो. मीही करायचो, अगदी गुडघे टेकून. एक महिना झाला, सहा महिने झाले. दुखणे काही जाईना.

अशात एका रविवारी बाहेरगावचे एक पाहुणे उपासनेला आले. बोलणे मोठे भारदस्त. त्यांनी बाईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि निघताना आईला म्हणाले, ‘‘देव बरे करायला तयारच आहे. या घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे.’’

मुलांनो, ते वाक्य आमच्या घरात काट्यासारखे रुतून बसले. आईने उपास धरले. ती दिवसभर काम करी आणि रात्री जेवत नसे. मी मनाशी हिशेब करू लागलो, की कमी कोणाचा विश्वास असेल? आजीचा तर नक्कीच नाही. मग माझाच! कारण प्रार्थना करता करता माझ्या मनात येई, कोणी ऐकते आहे का खरेच? आणि असे मनात आले, की लगेच भीती वाटे, झाले, कापला एक मार्क! आता बाई बरी होणार नाही. जितकी भीती जास्त, तितकी शंका जास्त. कोणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी एका दुपारी रोपवाटिकेत बाबांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा एकदाचे विचारून टाकले, ‘‘बाबा, माह्या विश्वासात कमी हाय म्हून बाई बरी होत नाही काय?’’

बाबा खाली बसून डोळे बांधत होते. हे काम तुम्ही पाहिले आहे का? आधी जंबेरीचे बी पेरतात. जंबेरी म्हणजे आंबट, खडबडीत सालीचे लिंबू. ते रोप काटक असते, मुळे चांगली धरते. त्याच्या सालीला चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची. चांगल्या गोड संत्र्याच्या झाडावरून एक डोळा सालीसकट काढायचा, त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचा. डोळा धरला, की वरची जंबेरी छाटून टाकतात. खाली मूळ जंबेरीचे, वर झाड संत्र्याचे.

बाबांनी हातातला चाकू बाजूला ठेवला. म्हणाले, ‘‘हे पाह्य, हा खुंट जंबेरीचा. याचं फळ तोंडात धरवत नाही. याच्यावर गोड डोळा बांधाच्या आधी मी त्याले म्हंतो काय, का बाप्पा, तू पह्यले गोड हो, मंग बांधतो?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग? गोडी बाहेरून येते. खुंटानं कमावलेली नसते. त्याले कृपा म्हंतेत.’’

मी विचारले, ‘‘अन् डोळा धरलाच नाही तं?’’

‘‘तं पुन्हा बांधतो. रोप उपटून थोडीच फेकतो!’’

मग थोडा वेळ ते गप्प बसले आणि हळूच म्हणाले, ‘‘बाई वरडते तवा मीबी देवाले इचारतो, तू हाय का नाही म्हून. शंका मलेबी येते. पन डोळ्याले पट्टी बांधलेली असते बाबू. वारा आला म्हून तो लगेच गळून पडत नाही.’’

आपले बाबासुद्धा शंका घेतात! हे ऐकून मला धक्का बसायला हवा होता. पण खरे सांगतो, छातीवरचा दगड उतरल्यासारखे वाटले.

पुढच्या खेपेला पाळकसाहेब आले. आईने त्यांना पाहुण्यांचे बोलणे सांगितले. ते चिडले नाहीत. त्यांनी आधी आईला जेवायला बसवले. मग बायबल उघडून तीन गोष्टी सांगितल्या. त्या मी माझ्या शब्दांत सांगतो.

पहिली, जन्मापासून आंधळ्या माणसाची. शिष्यांनी येशूला विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने सांगितले, कोणाचेच नाही. दुसरी, आजारी मुलाच्या बापाची. तो बाप येशूपुढे एका दमात दोन्ही कबूल करतो, माझा विश्वास आहे आणि नाहीही, मला मदत कर. येशूने त्याला ‘आधी विश्वास पुरा करून ये’ असे म्हणून परत पाठवले नाही. तिथल्या तिथे मुलाला बरे केले. तिसरी, संत पौलाची. त्याला शरीरात काहीतरी सल होता. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. सल गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ अशा अर्थाचे उत्तर मात्र मिळाले.

‘‘म्हणजे पौलाचा विश्वास कमी पडला म्हणायचा का?’’ पाळकसाहेबांनी विचारले. कोणी बोलले नाही. मग ते उठले आणि म्हणाले, ‘‘आता पोरीला मोठ्या दवाखान्यात घेऊन चला. प्रार्थना वाटेत करू.’’

रक्त तपासल्यावर कळले, बाईला सिकलसेल आहे. विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आढळतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्यांचा आकार विळ्यासारखा होतो, त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि भयंकर वेदना होतात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले, की हा आजार संसर्गाने होत नाही, आईबापांकडून येतो. एकाकडूनच सदोष गुण आला तर मूल फक्त वाहक होते, सहसा त्रास होत नाही. दोघांकडूनही आला तर आजार होतो. आई आणि बाबा दोघेही वाहक होते आणि दोघांनाही ते माहीत नव्हते. त्या कागदावर कोणाच्या विश्वासाला जागाच नव्हती! आईने तो कागद घडी घालून बायबलात ठेवला.

बाई त्या दिवशी बरी झाली नाही. गोळ्या सुरू झाल्या, भरपूर पाणी प्यायचे, थंडीत उबदार राहायचे, ताप आला तर लगेच दवाखाना, असे नियम लागले. पण घरातली भीती गेली.

पुढे मोठेपणी पंडिता रमाबाईंविषयी वाचले, तेव्हा मला बाबांची पट्टी आठवली. रमाबाईंचा जन्म १८५८चा. संस्कृतच्या केवढ्या मोठ्या विदुषी! १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता तुम्हाला वाटेल, बाप्तिस्मा घेतला म्हणजे शंका संपल्या. छे! खरे प्रश्न तिथूनच सुरू झाले. देवाचे त्रैक्य ही काय शिकवण आहे? चर्चने सांगितले म्हणून मानायचे, की स्वतःच्या विवेकाला पटेल तेव्हा मानायचे? ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या आईसारखे मानत, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातला. सिस्टरना तो हट्ट आणि गर्व वाटे. रमाबाई मागे हटल्या नाहीत, आणि त्यांनी प्रभूलाही सोडले नाही. ती पत्रे आज पुस्तकात छापलेली आहेत, कोणीही वाचू शकतो.

पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी सांगितले आहे, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला तो सुमारे आठ वर्षांनी. आठ वर्षे! आणि या आठ वर्षांत त्या उत्तराची वाट पाहत हात जोडून बसल्या नव्हत्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि बालविधवांना शिकवू लागल्या. १८९६-९७च्या दुष्काळात आमच्या शेजारच्या मध्य प्रांतातून सुमारे ३०० अनाथ मुली त्यांनी आणल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. प्रार्थनेवर एवढी श्रद्धा ठेवणाऱ्या बाईची मुलगी वाचली नाही. त्यांनी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम मात्र सोडले नाही. १९२२मध्ये त्या गेल्या, तोवर ते चालू होते.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. नवऱ्याने केले म्हणून लक्ष्मीबाईंनी लगेच मान डोलावली नाही. रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या, मनाशी पुष्कळ झगडल्या. स्वतःला पटले तेव्हा, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे वाया गेली असे त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणारा कोणी म्हणणार नाही.

म्हणून बालमित्रांनो, मनात शंका आली तर घाबरू नका. ती दाबून ठेवू नका, आणि तिचा बडेजावही करू नका. ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे अशा मोठ्या माणसाला सांगा. येशूचा शिष्य थोमा म्हणाला, मी पाहिल्याशिवाय मानणार नाही. पण बाकीच्यांनी त्याला घराबाहेर काढले नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता, म्हणून तर त्याची भेट झाली. शंका असताना काम सोडू नका. अभ्यास, घरातली मदत, आजाऱ्याची सेवा, हे उत्तर मिळेपर्यंत थांबत नसते. आणि दुखण्याला औषध असेल तर ते घ्या. दवाखान्यात जाणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे.

आणि आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मूल प्रश्न विचारते तेव्हा त्याचे तोंड बंद करू नका. तुम्हाला उत्तर येत नसेल तर तसे सांगा. माझ्या बाबांना देवशास्त्र येत नव्हते. त्यांनी आपली शंका माझ्यापासून लपवली नाही, एवढेच.

ग्रेस मार्क काठावर आलेल्यालाच मिळतात. वीस मार्क कमी पडले तर कोणी देत नाही. कृपेचे तसे नाही. ती कोण किती मार्कांनी नापास झाला हे विचारत नाही. आणि एकदा मिळाली, की खुंटावर जबाबदारीही येते. डोळ्याच्या खालून जंबेरीचे फुटवे पुन्हा फुटत राहतात, ते वेळच्या वेळी काढावे लागतात. नाहीतर जंबेरीच माजते आणि संत्रा मरतो. राग, हेवा, दुसऱ्याच्या विश्वासाची मापे काढणे हे सगळे त्या फुटव्यांतच आले.

बाई आता मोठी झाली आहे. गोळ्या अजून चालू आहेत आणि पाण्याची बाटली तिच्या हातातून सुटत नाही. गावातल्या एखाद्या घरी लग्न ठरायला लागले, की ती जाऊन सांगते, ‘‘आधी दोघांचंबी रक्त तपासा, मंग सुपारी फोडा.’’ काही लोक ऐकतात, काही तोंड फिरवतात. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.