वासावरचा भरवसा

नाकाला झोंबेल तेवढंच वाईट, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. फॅब्रिकेशनच्या धंद्यात बहुतेकांचं असतंच. जुन्या ग्रिलला गॅस कटर लावला की ऑइलपेंटला फोड येतात, तो काळा पडून आक्रसतो आणि डोळ्यांत पाणी आणणारा धूर सुटतो. मग शटर वर करायचं, पंखा लावायचा, तोंडाला रुमाल. वास गेला की काम चालू.

हे मत डळमळलं ते जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपमुळे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. आर्कची उष्णता त्याच्या कितीतरी पुढची. वाफ निवते तसे पांढरे, कापसाच्या पेळूसारखे धागे हवेत तरंगतात. दिसायला गरीब, डोळ्यांना झोंबत नाहीत. असं काम केलेल्या आमच्या एका वेल्डरला रात्री हुडहुडी भरली, तोंडाला गोडसर धातूची चव. दीड दिवसात गडी ठणठणीत. जस्ताच्या धुराचा ताप असाच, काही तासांनी चढतो आणि आपला उतरतो. गंमत म्हणजे रोज धूर घेणाऱ्याचं अंग त्याला सरावतं. सुट्टी घेतली की सोमवारी पुन्हा ताप.

जस्त निदान सांगून तरी जातं. शिसं मुकाट आत शिरतं. जुन्या लोखंडावर शेंदरी रेडलेडचा, म्हणजे शिशाच्या रंगाचा हात असायचा. आजचं रेड ऑक्साइड वेगळं, पण चार थरांखाली दोन्ही लालच. तापवल्यावर सुटणारा शिशाचा धूर फुफ्फुसांतून रक्तात उतरतो आणि हाडांत वर्षानुवर्षं ठाण मांडतो. घरगुती रंगांना ९० पीपीएमची मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. माझ्याकडे येणारी गेटं त्याच्या कितीतरी आधीची. रुमाल यातलं काही अडवत नाही. धुरावरचा उतारा मानलं जाणारं गूळ-दूध मी अजून देतो, पोरांना आवडतं म्हणून. त्यानं शिसं बाहेर पडत नाही.

आता जोडाच्या दोन्हीकडचा चार-चार इंच रंग आधी निघतो. कोरडा ग्राइंडर नाही, त्यात शिशाचीच धूळ. पाणी मारून खरवडायचं, सुकवून मग टाका. पेंट रिमूव्हर तर आर्कच्या आसपास नकोच. त्यातल्या मेथिलीन क्लोराइडच्या वाफेपासून फॉस्जीन बनू शकतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू.

गिऱ्हाईक म्हणतं, बिजागरीला दोन टाके मारायचेत, खरवडायचे पैसे कसले? कोटेशनमध्ये ती ओळ मी वेगळीच लिहितो. काही जण ती वाचून शेजारच्या गाळ्यात जातात.