माँटेरेच्या थंड समुद्राकाठी

२०२४ सालच्या एप्रिलअखेरीस आम्हा उभयतांना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जाण्याची संधी मिळाली. आमची कन्या तेथील सॅन होजे शहरात नोकरीस आहे. तिच्याकडे आम्ही साडेपाच महिने राहिलो. तेथील उंच इमारती, पूल व बाजार यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. ते पुन्हा लिहून वाचकांचा वेळ आम्ही घेत नाही. आम्हाला सांगावयाचे आहे ते एका समुद्रकिनाऱ्याविषयी आणि त्या समुद्राच्या पोटात उतरणाऱ्या माणसांविषयी. त्या माणसांत आमची मुलगीही आहे, हे तेथे पोहोचेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते.

पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून पाण्याखाली जायचे, याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. ती हे दोन वर्षे करीत होती. फोनवर सांगितले असते तर आम्ही झोपलो नसतो, म्हणून तिने सांगितले नाही. तिचा अंदाज बरोबर होता. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. गावी विहीर होती, पण आमच्या लहानपणी आपल्या वस्तीतील मुलांना त्या विहिरीत उतरू देत नसत. पुढे मुंबईला चाळीत आलो, तेथे पाणी बादलीने मोजून मिळे. मुलीला मात्र आम्ही पालिकेच्या तरण तलावावर घातले. आपले राहिले ते तिचे राहू नये, एवढाच हेतू होता. ती समुद्राच्या तळाशी जाईल, असे तेव्हा कोणाच्या मनात होते?

"आज किती फूट?"

मे महिन्यातील एका रविवारी पहाटे ती आम्हाला माँटेरेला घेऊन गेली. सॅन होजेपासून मोटारीने दीड-दोन तासांचा रस्ता आहे. गावाच्या कडेला सॅन कार्लोस नावाची छोटी चौपाटी आहे आणि लाटा अडविण्यासाठी समुद्रात बांधलेला लांब दगडी बांध आहे. बांधावर समुद्रसिंह पसरलेले होते व त्यांचे भुंकणे सारखे चालू होते. हवेत धुके होते. आम्ही स्वेटर घालून कुडकुडत होतो.

मोटारी उभ्या करण्याच्या जागेत पंधरा-वीस माणसे काळे रबरी पोशाख चढवीत होती. पोशाख सात मिलिमीटर जाडीचा. डोक्याला टोपडे, हातात मोजे, कमरेला शिशाची वजने. थंड पाणी अंगातील ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते, म्हणून हा सारा बंदोबस्त. त्या दिवशी पाणी दहा-अकरा अंशांचे होते. आपल्या मुंबईचा समुद्र बहुधा पंचवीसच्या वरच असतो, यावरून कल्पना यावी. एक बाई थर्मासमधील कोमट पाणी आपल्या मोज्यांत ओतून घेत होत्या!

पाण्यातून कोणी बाहेर आले की काठावरचे लोक त्याला एकच प्रश्न विचारीत. "आज किती फूट?" म्हणजे पाण्याखाली किती अंतरापर्यंतचे दिसते? त्यानंतर दुसरा प्रश्न, "काय काय पाहिलेत?" ओळख असो वा नसो, बाहेर येणारा नीट उत्तर देई. वर पाच फूट, पण तळाशी दहा फूट. पलीकडे वाळूवर माकुलाची अंडी आहेत. बांधाच्या टोकाशी पाण्याला ओढ आहे. मुलीने आम्हाला समजावले की येथे बढाई चालत नाही. पाच फुटांना कोणी वीस म्हटले, तर त्याच्या शब्दावर विसंबून नवखा माणूस आत जाईल आणि अडचणीत येईल. दिसले तेवढेच सांगावे, हा येथील अलिखित कायदा.

हे मोजण्याची शास्त्रीय रीतही जुनी आहे. १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली व ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते पाहिले. आजही समुद्रशास्त्रज्ञ सेकीची तबकडी वापरतात. पाणबुडे मात्र जोडीदाराच्या पायातील वल्ह्यांवरून अदमास घेतात. ती दिसेनाशी झाली की दृष्टी तेथे संपली. त्यातही पाण्याखाली मुखवट्याच्या काचेतून वस्तू जवळ आणि मोठी भासते, म्हणून अंदाज चुकतो. लाल रंग तर काही फुटांतच नाहीसा होतो, मग दिवा लावल्याशिवाय लाल ते लाल दिसत नाही.

तो एक मिनिट

आमची मुलगी व तिची एक मैत्रीण, दोघी पाण्यात उतरल्या. हात हलवला आणि हिरव्या पाण्यात गडप झाल्या. चाळीस मिनिटे लागतील असे सांगून गेल्या होत्या. आम्ही बाकावर बसून घड्याळ पाहू लागलो. ज्या पाण्यात हात बुडविला तर बोटे दिसेनात, त्या पाण्यात पोटची पोर गेलेली. कशातही लक्ष लागेना.

वीस मिनिटे झाली असतील. बांधापासून बरेच आत एक डोके वर आले. एकच. टोपड्यामुळे कोण ते ओळखू येईना. ते डोके चारी बाजूंना वळून पाहत होते. आम्ही दोघे उभे राहिलो. हाक मारावी तर आवाज पोहोचणार नाही, धावावे तर पोहता येत नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वीस-पंचवीस हातांवर दुसरे डोके वर आले. दोघींनी एकमेकींना खूण केली, जवळ आल्या आणि काठाकडे पोहत निघाल्या.

बाहेर येताच आम्ही तिच्यावर तोंडसुख घेतले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "पप्पा, आई, काही चुकलं नाही. नियमच तसा आहे. गढूळ पाण्यात जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं. नाही सापडला तर दोघांनीही सावकाश वर यायचं. ती वर आली, मीही आले. वर आल्यावर भेट होणारच, हे दोघींना ठाऊक होतं." आम्ही काय बोलणार? नियम पाळल्याने माणूस सुखरूप परत येतो, हे आम्हीच तिला शिकविले होते.

तरीही आम्ही विचारले, असल्या घाण पाण्यात जायचेच कशाला? तिने डोक्यावरचे टोपडे काढले व म्हणाली, "पाणी घाण नाही. त्यात जेवण वाढलेलं आहे."

गढूळपणा कोठून येतो?

हे वाक्य आम्हाला पुढे कळले. वसंत ऋतूपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत या किनाऱ्यावर वायव्येचा जोरकस वारा वाहतो. तो वारा व पृथ्वीचे फिरणे यांमुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यास खोल समुद्रातील थंड पाणी वर येते. माँटेरेच्या उपसागरात तर किनाऱ्याजवळूनच एक प्रचंड दरी सुरू होते व समुद्रात तीन किलोमीटरांहून अधिक खोल जाते. खालचे पाणी आपल्याबरोबर तळाशी साठलेले खतपाणी आणते. त्यावर ऊन पडले की डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, अब्जावधींनी वाढतात. पाणी हिरवे व दाट होते. पाणबुड्याला काही दिसत नाही. पण त्या प्लवकावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर तारलीसारखे मासे, आणि माशांवर समुद्रसिंह, पक्षी व देवमासे. पाणी काचेसारखे असते तर येथे एवढे जीव पोसले गेले नसते.

त्या दिवशी पाच फुटांच्या अंतरात मुलीने काय पाहिले? वाळूवर माकुलाच्या अंड्यांचे पांढऱ्या मेणबत्त्यांसारखे जुडगे, बोटभर लांबीची नारिंगी समुद्री गोगलगाय आणि टाकून दिलेल्या रिकाम्या बाटलीत घर करून बसलेला छोटा अष्टपाद. ती म्हणाली, लांबचे दिसत नाही तेव्हा माणूस जवळचे नीट पाहतो.

पाण्याखालचे जंगल, काठावरचा भोंगा

येथील समुद्रात केल्प नावाचे भले मोठे शेवाळ वाढते. तळाच्या खडकाला ते घट्ट धरते आणि पानांजवळच्या हवेच्या फुग्यांच्या आधाराने थेट पृष्ठभागापर्यंत येते. अनुकूल दिवसांत ते दिवसाला फूटभर, कधी त्याहूनही अधिक वाढते. हेच पाण्याखालचे जंगल. त्यावर पाठ टेकून, अंगाला केल्पची दोरी गुंडाळून पाणमांजरे झोपलेली आम्ही काठावरून पाहिली. पाणमांजराच्या अंगावर सीलसारखी चरबी नसते. दाट केस आणि सततचे खाणे यांवर ते थंडी सोसते. त्या केसांसाठीच माणसाने त्याची इतकी शिकार केली की १९३८ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुमारे पन्नासांचा एकच कळप आढळला. संरक्षण मिळाल्यावर आज त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास आहे.

काठावर कॅनरी रो नावाचा रस्ता आहे. येथे तारली डब्यांत भरण्याचे कारखाने होते. होड्या केव्हाही येत आणि कारखान्याचा भोंगा वाजला की रात्री-अपरात्री कामगार बायका-पुरुष धावत सुटत. प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा. हे वाचताना आम्हाला परळ आठवले. बेसुमार मासेमारी झाली, १९५० च्या सुमारास तारली संपली आणि एकामागून एक कारखाने बंद पडले. आज तेथे हॉटेले आहेत. १९८४ साली एका जुन्या कारखान्याच्या जागी मोठे मत्स्यालय उघडले. आपल्या गिरण्यांच्या जागी काय झाले, ते आपण पाहतोच.

जवळच्या पॉइंट लोबोस येथे १८९७ साली जपानहून गेनोसुके कोदानी आले. अबालोनी नावाचे मोठे शिंपले काढण्यासाठी त्यांनी मायदेशाहून पाणबुडे आणविले. नुसता चष्मा लावून बुडणाऱ्या त्या माणसांना ही थंडी सोसेना, तेव्हा शिरस्त्राणाचे पोशाख आणले गेले. म्हणजे आज जो हौसेचा खेळ आहे, तो येथे प्रथम कष्टकऱ्यांनी पोटासाठी केला. पुढे महायुद्धात, १९४२ साली, या किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या कुटुंबांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले.

ज्या बाईने फाटक तोडले

शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावातील ज्युलिया प्लॅट या बाईंची गोष्ट आमच्या भगिनींनी अवश्य वाचावी. त्या प्राणिशास्त्रज्ञ होत्या. १८९८ साली जर्मनीत त्यांनी डॉक्टरेट मिळविली, पण बाई म्हणून त्यांना विद्यापीठात योग्य जागा मिळाली नाही. त्या समुद्रकाठी येऊन राहिल्या आणि गावाच्या कारभारात पडल्या. चौपाटीकडे जाणाऱ्या वाटेचे फाटक एका धंदेवाल्याने कुलूप घालून बंद केले, तेव्हा वृद्ध प्लॅटबाईंनी कुलूप कापले. पुन्हा बंद केले, तेव्हा कुऱ्हाडीने फाटक फोडले व तेथे आपल्या नावाची पाटी लावली. पाणी सर्वांचे आहे, हे सांगण्यासाठी कोणाला काय करावे लागते, हे १९२७ चे चवदार तळे ज्यांच्या मनात आहे त्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

१९३१ साली, सत्तरी उलटल्यावर, त्या गावच्या महापौर झाल्या. कारखान्यांच्या घाणीने समुद्र मरतो आहे हे ओळखून त्यांनी किनाऱ्याचा एक तुकडा राखीव करविला. येथे जीव जगतील आणि त्यांची पिले पुढे सगळीकडे पसरतील, असा त्यांचा हिशेब होता. १९३५ साली त्या वारल्या. पाणमांजरे परतलेली त्यांनी पाहिली नाहीत. ती १९६० नंतर आली आणि त्यांच्या मागोमाग केल्पचे जंगल पुन्हा वाढले.

स्वच्छ पाण्यातही काय दिसले नाही

परतण्यापूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा माँटेरेला गेलो. आता वारा पडला होता, प्लवक ओसरले होते, ऊन होते. बाहेर येणारा प्रत्येक जण हसत सांगत होता, "पस्तीस फूट!" मुलीने फुलकोबीसारख्या पांढऱ्या समुद्रफुलांचे अख्खे शेत पाहिले, माशांचे थवे पाहिले, पंखासारखे अंग हलवीत जाणारा पाकट पाहिला. एक सील मागून येऊन तिच्या पायातील वल्ही ओढीत होता.

पण एक वयस्क पाणबुडे गप्प होते. त्यांनी सांगितले की पूर्वी प्रत्येक बुडीत सूर्यफूल तारामासा दिसे, वीसपेक्षा अधिक बाहूंचा आणि जवळजवळ हातभर रुंद. २०१३ पासून एका रोगाने तारामासे विरघळल्यासारखे मेले. (हा रोग एका जीवाणूमुळे होतो, असे शास्त्रज्ञांनी २०२५ साली दाखविले.) हा तारामासा अर्चिन नावाचे काटेरी जीव खाऊन त्यांना आवरीत असे. तो गेला, त्यात २०१४ ते २०१६ या काळात समुद्र तापला. अर्चिन माजले आणि उत्तर कॅलिफोर्नियातील केल्पचे नव्वद टक्क्यांहून अधिक जंगल गेले. माँटेरेलाही फटका बसला, परंतु जेथे पाणमांजरे अर्चिन खातात तेथे केल्पचे काही पट्टे टिकले. म्हणून ते गृहस्थ आपल्या वहीत काय दिसले त्याबरोबर काय दिसले नाही, तेही लिहितात.

निघण्यापूर्वी मुलीने आम्हाला गुडघाभर पाण्यात नेले. पाय बधिर झाले. तिने आपला मुखवटा आमच्या हाती दिला. श्वास रोखून, तिचा हात घट्ट धरून, आम्ही दोघांनी आळीपाळीने पाण्यात तोंड घातले. क्षणभर गारठ्याने कपाळ दुखले. मग वाळू दिसली, वाळूचा कण न् कण दिसला, आणि शंख पाठीवर घेऊन चाललेला एक छोटा खेकडा दिसला. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही पाण्याच्या आत पाहिले.

वर आलो तेव्हा काठावरच्या एका बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारले, "किती फूट?" मुलीने भाषांतर केले. आम्ही सांगितले, "दोन फूट. एक खेकडा."

त्यांनी मान डोलावली आणि आपल्या वहीत तेवढे लिहून घेतले.