सुताराचे नाव शोधीत : मावळच्या लेण्यांची सायकलवारी

सायकल ही आपल्या वस्तीतली जुनी सोबतीण. तिच्याच कॅरिअरला डबा अडकवून आपले वडील पाळीला गेले, तिच्याच दांडीवर बसून आपण शाळेत गेलो. पण त्या सायकलवर बसून कधी नुसते हिंडायला, आपला इतिहास बघायला गेलो का? आम्ही तरी गेलो नव्हतो. लेणी पाहिली ती सहलीच्या बसमधून, घाईघाईने, निम्मे लक्ष जेवणाच्या डब्याकडे ठेवून.

या वेळी ठरवले की सायकलनेच जायचे. आम्ही पाचजण होतो. कारखान्यातले दोघे जोडीदार, रिक्षा चालवणारे एक भाऊ, बारावीतला भाचा आणि सातवीतली धाकटी लेक. गिअरची सायकल फक्त भाच्याची, बाकी सगळ्या साध्या. वेळ निवडली डिसेंबरची. पाऊस संपलेला, रस्ते कोरडे आणि ऊन सोसवेल असे.

निघालो ते देहूरोडच्या बुद्धविहारातून. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवसाच्या आधीचा शनिवार होता. आमच्या आळीतले आबा निरोप द्यायला आले होते. प्रतिष्ठापनेच्या वेळी ते सहा वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो सोहळा पाहिला. पुढे पस्तीस वर्षे त्यांनी ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवले. धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "कार्ल्याला एका सुताराचं नाव कोरलंय म्हणतात. मला काही ती चढण जमली नाही. तू नीट बघून ये आन् मला सांग."

देहूरोड ते कामशेत हा वीस-बावीस किलोमीटरचा पल्ला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचा आहे. हा भाग शांत नाही हे आधीच सांगून ठेवतो. ट्रक आणि एसट्या अंगावरून जातात. मुले बरोबर असतील तर कडेने, एकामागे एक चालावे. खरा आनंद कामशेतला डावीकडे पवनानगरच्या रस्त्याला वळल्यावर सुरू होतो. गाड्यांचा आवाज मागे पडला आणि आमच्याच चेनची कुरकुर ऐकू येऊ लागली. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरे, कुठे पेंढ्याच्या उडव्या, समोर डोंगराची रांग.

मुक्काम एका जोडीदाराच्या मावशीकडे केला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वर गरम पिठले. जेवताना मावशी बोलत्या झाल्या. त्यांच्या लहानपणी विहिरीवर आपल्या बायकांनी दूर उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओतायचे. "तासतासभर बसून राहायचो, लेकरांनो," त्या म्हणाल्या. आता दारात नळ आहे. पण सांगताना त्यांचा आवाज बदलला तो बदललाच. धाकटी घास हातात धरून ऐकत होती.

रविवारी पहाटेच बेडसे गाठले. ही लेणी पूर्वेला तोंड करून आहेत, म्हणून सकाळीच जावे. सायकली खाली गावात एका घरापाशी लावल्या आणि पायऱ्या चढलो. वर आमच्याशिवाय कोणी नव्हते. दोन कातळांच्या अरुंद बोळातून आत शिरले की एकदम समोर उंच खांब उभे राहतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. कोवळे ऊन थेट चैत्यगृहात शिरलेले. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने जागा निवडली त्याला सूर्य कुठून उगवतो हे पक्के ठाऊक होते. स्तूपासमोर बसून आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. पाचच जणांचा आवाज, पण तो सगळ्या छताने परत दिला.

शेजारचा विहारही वेगळाच आहे. मागची बाजू अर्धगोल, छत कमानीचे आणि भोवती भिक्खूंच्या खोल्या. जवळच्या एका छोट्या स्तूपावरच्या लेखात गोभूती नावाच्या भिक्खूचे नाव येते. रानात राहणारा, भिक्षेवर जगणारा हा भिक्खू. त्याच्या शिष्याने, असाळमिताने, त्याच्यासाठी तो स्तूप केला. आणि इथल्या पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखात सामडिनिका या स्त्रीच्या दानाची नोंद आहे. भाच्याने हे वाचून दाखवले तेव्हा धाकटी पटकन म्हणाली, "म्हणजे हे पाणी कुणीही प्यायचं?" आम्ही म्हटले, हो बाळ, संघाला दिलेले दान ते, वाटसरूला कोण अडवणार? रात्रीची मावशींची गोष्ट आमच्या सगळ्यांच्याच मनात होती. या डोंगरात पाणी दान देण्याची रीत आधीची आहे आणि पाणी अडवण्याची रीत नंतर आली, एवढे त्या टाक्याजवळ उभे राहून पोरीला कळले.

खाली उतरल्यावर एक गुराखी भेटले. "पांडवांनी एका रात्रीत खोदली," असे त्यांनी भक्तिभावाने सांगितले. आम्ही वाद घातला नाही. चहा घेता घेता भाच्याने त्यांना गोभूतीची आणि टाक्याची हकिगत सांगितली. ते जरा थांबून म्हणाले, "नावं लिवल्याली हायती म्हणता? मग खरं आसंल." आम्हाला वाटते, असेच सांगत जावे.

पवनानगरपासून रस्ता धरणाच्या पाण्याकडेने जातो. एकीकडे तिकोना, पाण्यापलीकडे तुंग. देखावा असा की पायडल मारायचे भान राहत नाही. हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या नळाला येते. पण ते पिताना आठवावे की त्यासाठी गावे उठली, जमिनी गेल्या. बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलन झाले, तेव्हा गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. काठावर आता सुट्टीच्या दिवशी तंबूवाल्यांची गर्दी असते, म्हणून हा टप्पा दहाच्या आत उरकावा.

त्यापुढे दुधिवरे खिंडीची चढण. इथे साध्या सायकलवाल्यांनी लाज न बाळगता उतरून ढकलावे. आम्ही ढकलली. धाकटीने मात्र, "मी नाय उतरणार," म्हणत निम्मी चढण नागमोडी हाकली. खिंडीतून लोहगडवाडीकडे वळलो. समोर लोहगड, त्याची विंचवाच्या नांगीसारखी माची, आणि शेजारी विसापूर. लोहगड शिवरायांनी १६४८ साली घेतला, १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली परत मिळवला. २०२५ साली तो जागतिक वारसा यादीत गेला. गडावर चढायला त्या दिवशी वेळ नव्हता, पायथ्याशी ताक पिऊन पुढे निघालो.

गायमुख खिंडीतून भाज्याकडे उतरणारा रस्ता अतिशय तीव्र आहे. इथे आमची चूक झाली. निघताना हवा पाहिली, चेनला तेल दिले, पण ब्रेकचे रबर पाहिले नाही. धाकटीची सायकल आवरेना. तिने शहाणपणाने कडेच्या गवतात घातली म्हणून गुडघा सोलटण्यावरच भागले. तेव्हा सांगणे असे की, निघण्याआधी दोन्ही ब्रेक तपासा, आणि या उतारावर मुलांना पायीच उतरवा.

भाज्याची लेणी साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहाचे खांब आत कललेले, कारण कारागिरांनी लाकडी घराची ठेवण दगडात उतरवली. बाहेरच्या बाजूला लहानमोठे चौदा स्तूप दाटीने उभे आहेत, काहींवर थेरांची नावे. सूर्यगुंफेजवळच्या कातळात एक स्त्री तबल्यासारखे वाद्य वाजवते आहे. पण आम्ही जास्त वेळ थांबलो ते एका साध्या विहारापाशी. तिथल्या खोलीच्या दारावर लेख आहे, आणि दान देणारी आहे एका हालिकाची, म्हणजे नांगरकऱ्याची बायको. राणी नाही की सावकारीण नाही. आमच्यातल्या रिक्षावाल्या भाऊंची आई आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबली. ते काही बोलले नाहीत, फक्त दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

कार्ल्याला पोहोचेपर्यंत चार वाजले. पायऱ्यांवर एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या कोळी मंडळींची रांग होती. एका मावशीने धाकटीचा गुडघा पाहून हळद लावायला दिली. चैत्यगृहात शिरलो आणि बोलणे आपोआप थांबले. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट उंच, दोन्ही बाजूंनी खांबांच्या ओळी, आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी अजून धरून आहेत. हे लेणे एका राजाने नव्हे, अनेकांनी मिळून केले. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, सिंहदत्त नावाचा गंधी, भिक्खुणी. आणि दर्शनी दारापाशी धेनुकाकटचा वर्धकी सामी, वेणुवासाचा मुलगा. वर्धकी म्हणजे सुतार. दार त्याने केले, आणि दारावर त्याचे व त्याच्या बापाचेही नाव राहिले.

धाकटीने वहीत ती ब्राह्मी अक्षरे पाहून पाहून उतरवून घेतली. उजेड कमी होईपर्यंत ती तिथून हलली नाही. परतीला अंधारात हमरस्त्याने मुलांना नेणे बरे नव्हते, म्हणून ओळखीचा टेम्पो बोलावून सायकली त्यात टाकल्या. टेम्पो मिळत नसेल तर सायकलचा हट्ट धरू नका. पुणे-लोणावळा लोकल कामशेतलाही थांबते आणि मळवलीलाही. मळवलीहून भाजे पायी जाता येते.

२५ तारखेला विहारात मोठी गर्दी होती. वंदना झाल्यावर धाकटीने आबांपुढे वही उघडली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचले. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "पस्तीस वर्षं साचे केले पोरी. माल जगभर गेला, नाव कशावर आलं नाही." मग तिच्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी त्याच पानावर, सामीच्या नावाखाली, आपले आणि आपल्या वडिलांचे नाव लिहिले.

वाचकहो, आपल्या घरात सायकल असेल. हवा भरा, ब्रेक बघा, भाकरी बांधून घ्या आणि मुलांना घेऊन निघा. मुलींना आधी घ्या. लेण्यांवर नावे कोरू नका, तिथे कोरलेली नावे मात्र वाचायला शिका. ती आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांची आहेत.