साओरीचा पट

हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये १९५२ साली कुस्तीच्या बँटमवेट गटात पहिला आला जपानचा शोहाची इशिई, दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह आणि तिसरे आपले गोळेश्वरचे खाशाबा जाधव. जपान तेव्हा युद्धात होरपळून निघालेला, आपण नुकते स्वतंत्र झालेलो. दोन्हीकडे कुस्ती म्हणजे गडीमाणसांचं काम. पुढच्या सत्तर वर्षांत त्यांनी कुस्तीचं काय केलं आणि आपण काय केलं, हा विचार गेली काही वर्षं माझ्या मनातून जात नाही. त्याला कारण जपानची कुस्तीगीर साओरी योशिदा.

मी नारायणगडाच्या परिसरातल्या एका गावची, आणि इथल्याच शाळेत शिकवते. गड म्हणजे बीड तालुक्यातलं वारकऱ्यांचं मोठं ठाणं, आमच्या भागाची धाकटी पंढरी. एकादशीला इथे माणसांची रीघ लागते, आषाढात गडाची दिंडी पंढरपूरला निघते. भजनाइतकंच कुस्तीचंही या भागाला वेड. यात्रा म्हटली की हगामा आलाच. नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि शेवटची मानाची कुस्ती सुटेपर्यंत हलगी थांबत नाही. माझे थोरले चुलते, आमचे अण्णा, पंचक्रोशीत नाव असलेले पैलवान. त्यांच्यामुळे ढाक, घिस्सा, कलाजंग हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. आखाडा मात्र आम्ही मुलींनी कधी जवळून पाहिला नाही. देवळाच्या मागच्या भिंतीआडून हलगी ऐकायची आणि गलका वाढला की कोण पडलं असेल याचा अंदाज बांधायचा. आखाड्याकडे जाऊ नका, असं आम्हाला कुणाला सांगावंही लागलं नाही.

साओरी १९८२ साली जपानच्या मिए प्रांतात जन्मली. वडील एइकात्सू योशिदा एके काळचे राष्ट्रीय विजेते. त्यांनी घरीच तालीम चालवली होती. साओरी तीन वर्षांची असताना त्यांनी तिला मॅटवर उतरवलं, थोरल्या भावांच्या बरोबरीने. लहानपणीच्या एका स्पर्धेत ती मुलाकडून हरली आणि त्याच्या गळ्यातलं पदक मला पाहिजे म्हणून रडायला लागली. ते दुकानात मिळत नाही, सराव करणाऱ्यालाच मिळतं, असं वडिलांनी तिला समजावलं, ही गोष्ट जपानमध्ये घरोघरी माहीत आहे. मला त्या गोष्टीत वडिलांचं उत्तर तेवढं मोठं वाटत नाही. एवढीशी पोर मुलाबरोबर कुस्ती धरते, हरते, आणि तिला घरी नेऊन कुणी बाहुली देत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅटवर आणतात, हे मला मोठं वाटतं.

पुढचं जगाला माहीत आहे. बायकांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली ती २००४ साली, अथेन्सला. ५५ किलो गटात पहिलं सुवर्ण योशिदाने घेतलं. मग २००८ ला बीजिंग, २०१२ ला लंडन. २००२ पासून २०१५ पर्यंत जागतिक स्पर्धेची तेरा सुवर्णं, सलग. याच काळात तिच्याच देशाची काओरी इचो चार ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णं जिंकली. वैयक्तिक खेळात असं करणारी ती जगातली पहिली बाई. लंडनमध्ये आपली गीता फोगाट ५५ किलोमध्येच उतरली होती. तिला पहिल्या फेरीत कॅनडाच्या टोन्या व्हर्बीकने हरवलं. ती व्हर्बीक अंतिम फेरीत गेली आणि तिथे योशिदाने तिला हरवलं. आपल्यात आणि त्यांच्यात तेव्हा किती अंतर होतं ते यावरून कळावं.

योशिदाचं हत्यार एकच, आपण ज्याला दुहेरी पट म्हणतो ते. तिच्या कुस्त्यांचे व्हिडिओ मी अण्णांना मोबाइलवर दाखवले. ते बाजेवर बसून, फोन डोळ्यांपासून लांब धरून बघत होते. चार-पाच कुस्त्या होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिचं डोकं बघ कुठं हाय. आपली पोरं पट काढताना डोकं खाली घालतेत अन् मग बगलंत सापडतेत. ही मान वर ठेवूनच शिरती." मी पुन्हा पाहिलं. ती समोरच्या बाईच्या हाताच्या पल्ल्याबाहेर, गुडघ्यांत वाकून उभी असते. खडाखडी फारशी नाही. हात हलतात, नजर हलत नाही. समोरचीचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं त्या निमिषात ही आत असते. पुढचा पाय तिच्या दोन पायांच्या मधोमध, कपाळ बरगडीला भिडलेलं, दोन्ही हात मांड्यांमागे. आणि तिथे ती थांबत नाही, तशीच पुढे धावत जाते. खाली पडणाऱ्या बाईला आपण कधी उचललो गेलो हेसुद्धा कळत नसावं. अण्णांनी ती एक कुस्ती तीनदा मागे नेऊन बघितली. शेवटी विचारलं, "हिला शिकवलं कुणी?" मी म्हटलं, बापाने. त्यांनी मान हलवली आणि फोन माझ्या हातात दिला. अण्णांना तीन मुली आहेत.

हा पट तिच्यावर उलटलाही. २००८ च्या जानेवारीत चीनमधल्या तैयुआनला विश्वचषकात अमेरिकेच्या मार्सी व्हॅन ड्यूसेनने तिच्याच पटावर प्रतिडाव केला आणि ११९ कुस्त्यांची विजयमालिका तुटली. ती तेव्हा हमसून रडली. पण पट सोडून दुसरा डाव धरला नाही, त्यातलीच कसर काढली आणि त्याच वर्षी बीजिंगला सुवर्ण घेतलं. २०१४ च्या मार्चमध्ये वडील अचानक गेले. त्यानंतर काही दिवसांतच टोकियोत विश्वचषक होता. ती उतरली आणि जपान जिंकला. रिओला २०१६ साली, तेहेतिसाव्या वर्षी, अंतिम फेरीत समोर अमेरिकेची हेलन मारुलिस होती. चार वर्षांपूर्वी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत योशिदाने हिलाच हरवलं होतं. या वेळी मारुलिस ४-१ ने जिंकली. योशिदा मॅटवर पालथी पडून राहिली, आणि नंतर रडत रडत देशाची माफी मागत राहिली, रौप्यच मिळालं म्हणून. ते दृश्य बघताना मला तिचा फार कळवळा आला. तेरा जागतिक सुवर्णांनंतर एका बाईला माफी मागावीशी वाटते, इतकं ओझं कुठल्याही देशाने कुणाच्या अंगावर टाकू नये. जानेवारी २०१९ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.

आता आपल्याकडे बघू. हेलसिंकीनंतर दोनच वर्षांनी, १९५४ साली, मुंबईत हमीदा बानू नावाच्या बाईने रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटभराच्या आत चीत केलं. हमीदा मिर्झापूरची, सलाम पैलवानाकडे अलीगढला तयार झालेली. उंची सव्वापाच फूट, वजन १०८ किलो. मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिने पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान दिलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत आसमान दाखवलं. वर्तमानपत्रं तिच्या खुराकाची यादी छापत. आणि आपल्या कोल्हापुरात, कुस्तीच्या पंढरीत, तिने पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी तिच्यावर दगड फेकले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात तिची एक ठरलेली कुस्ती विरोधामुळे रद्द झाली. तिला युरोपात जाऊन लढायचं होतं. तिच्या नातवाने पुढे सांगितलं की, जाऊ नये म्हणून सलामने तिला मारहाण केली आणि तिचा हात मोडला. ती आखाड्यातून नाहीशी झाली. उरलेलं आयुष्य तिने कल्याणला दूध विकून काढलं.

एक वस्ताद पोरीला तिसऱ्या वर्षी मॅटवर उतरवतो, दुसरा वस्ताद ऐन उमेदीत शिष्येचा हात मोडतो. ताकदीत हमीदा कुठे कमी होती? तिच्या काळात बायकांच्या जागतिक स्पर्धा नव्हत्या हे खरं, त्या १९८७ साली सुरू झाल्या. पण त्या सुरू झाल्यावर जपानकडे मुली तयार होत्या आणि आपल्याकडे नव्हत्या. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती गदा घेतली. मधली बासष्ट वर्षं गेली, त्यांतल्या मुली गेल्या. ती वर्षं परत येणार नाहीत.

आमच्या बीडमध्ये ताकदीची वाण नाही. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुलात सुवर्ण घेऊन आला, २०१९ ला जागतिक कांस्य. त्याचे पहिले वस्ताद त्याचे वडील बाळासाहेब. त्यांनी पोराच्या लहानपणीची सगळी वर्षं कुस्तीला दिली, म्हणून ते झालं. आणि बायकांचं म्हणाल तर फडात जाऊन बघा. तीस-चाळीस किलोची उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या हलत्या फळीवरून चढणारी बाई मी दर वर्षी बघते. तिचं स्वतःचं वजन पन्नाससुद्धा नसतं. मान ताठ, कंबर घट्ट, पायाचा अंगठा फळीत रुतवलेला. योशिदाहूनही हलक्या वजनगटाच्या या बाया आहेत. दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत चालणारीला कुणी विचारत नाही, बाई, तुला झेपेल का.

अडतं ते वर्षांपाशी. कुस्तीगीर घडतो तो बारा ते वीस या वयात, आणि आमच्याकडे मुलीची नेमकी हीच वर्षं काढून घेतली जातात. दसरा-दिवाळीला गाव रिकामं होतं, आईबाप उचल घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात. वयात आलेल्या पोरीला म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कसं ठेवायचं, ही त्यांची भीती खोटी नाही. शिवाय कोयता म्हणजे जोडपं. लग्न झालं की मुलाच्या घरात एक कोयता वाढतो. म्हणून लग्नं लवकर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. आमच्या वर्गातल्या हजेरीत हा आकडा मला नावानिशी दिसतो.

अलीकडे जवळच्या एका गावच्या हगाम्यात मी मुलींची कुस्ती पाहिली. आता आम्ही बायकाही जातो, एका कडेला बसतो. सातवी-आठवीतली पोर, केस मुलासारखे कापलेले, भावाची चड्डी दोरीने आवळलेली. खाली वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, शड्डू ठोकला तेव्हा लोक हसले. समोरची तिच्याहून अंगाने भरलेली होती. दोघी भिडल्या, सुटल्या, पुन्हा भिडल्या. आणि एकदम या पोरीने पट काढला. मान वर होती. समोरचीची पाठ मातीला लागली तेव्हा हसणारे उठून उभे राहिले, हलगीवाला पुढे धावला, कुणीतरी तिला खांद्यावर घेतलं. तिला इनाम मिळालं दोनशे रुपये. तिच्या वयाच्या मुलाला त्याच्या कुस्तीला पाचशे मिळाले. पुढच्या यात्रेला ती नव्हती. चौकशी केली तर कळलं, आईबापाबरोबर कारखान्यावर गेली, धाकट्या भावाला सांभाळायला.

जपानी पोरी अजिंक्य नाहीत. युइ सुसाकी टोकियो ऑलिम्पिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण जिंकली होती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत ती कधीच हरली नव्हती. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाटने तिला ३-२ ने हरवलं. दुसऱ्या दिवशी वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं म्हणून विनेश बाद झाली, त्याचं दुःख आहेच. पण ती कुस्ती झाली आणि जगाने पाहिली. विनेशला बलालीच्या मातीत चुलत्याने, महावीर फोगाटांनी, लहानपणी उतरवलं होतं, स्वतःच्या मुलींबरोबर. तिथेही गोष्ट घरापासूनच सुरू होते.

म्हणून गडाच्या परिसरातल्या यात्रा कमिट्यांना माझं मागणं आहे. हगाम्यात मुलींच्या कुस्त्या शोभेपुरत्या एक-दोन लावू नका. वयानुसार जोडी लावा आणि इनाम मुलांच्या बरोबरीने द्या. गावात तालीम असेल तर सकाळचा एक तास मुलींचा ठेवा, बाई वस्ताद मिळेपर्यंत एखादी आई तिथे बसेल. आईबाप कारखान्यावर गेले तरी मुलगी गावात राहून शाळा आणि तालीम दोन्ही करू शकेल, अशी तिच्या राहण्याची सोय गावाने हंगामापुरती करावी. वसतिगृहाच्या योजना कागदावर आहेत, त्या गावात आणण्यासाठी ग्रामसभेत ठराव घ्या. पैसे कमी पडले तर शेवटच्या मानाच्या कुस्तीच्या इनामातून काढा. त्या पैलवानाला पुढच्या गावी दुसरी कुस्ती मिळते.